पाणी मागितलंत, दुसरं काही नाही

भूल उतरत असलेल्या माणसाला आमच्या सिस्टर भांडण काढून उठवत.

इतर नर्स गालावर थोपटतात, नाव विचारतात, डोळे उघडा म्हणतात. सिस्टरांना ते पुरेसं वाटत नसे. "नाव काय, झोपेतही सांगतं माणूस. डोळे बाहुलीही उघडते. उलट बोलायला लागला की समजायचं, आला परत." त्यामुळे थिएटरमधून स्ट्रेचर आमच्या रिकव्हरी रूममध्ये आलं, की आधी श्वास, नाडी, ब्लडप्रेशर, जखमेवरची पट्टी हे सगळं शिस्तीत बघून होई. पेशंटला कुशीवर वळवून, ऑक्सिजनचा मास्क नीट बसवून होई. आणि मग सिस्टर त्याच्या कानाशी वाकून कळ काढत.

मी पहिल्यांदा पाहिलं ते भुईगावच्या एका वाडीवाल्या काकांच्या बाबतीत. मी साताऱ्याकडची, नर्सिंगचा कोर्स करून, रजिस्ट्रेशनचा कागद हातात घेऊन, लग्नानंतर विरारला आलेली. वसईच्या त्या हॉस्पिटलात माझा पहिलाच आठवडा. काका हर्नियाचं ऑपरेशन होऊन गाढ पडलेले. सिस्टर अगदी मायेनं म्हणाल्या, "काका, तुमच्या वाडीतली केळी यंदा पिठूळ निघाली म्हणे."

काकांच्या पापण्या हलल्या.

"शेजाऱ्यांची त्यापेक्षा बरी आहेत म्हणतात."

मास्कच्या आतून आवाज आला. "कोण... कोण म्हणतो?"

"सगळा गाव."

"गावाला... काय कळतं... केळ्यातलं?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "लिही. शुद्धीवर आले."

मी लिहिलं, पण मला हसू आवरत नव्हतं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांच्या लेखी ती तपासणी होती आणि काका पास झाले होते.

ही माहिती त्या जमवत कुठून, हे मला फार दिवसांनी कळलं. ऑपरेशनच्या आधी हिरवा गाऊन घालून, पाय पोटाशी घेऊन माणसं बाकावर बसलेली असत. सिस्टर त्यांच्याशेजारी जाऊन बसत, हात हातात घेत, घरचं विचारत. लोकांना वाटे, काय प्रेमळ बाई. प्रेमळ होत्याच, पण त्या वेळी त्या माणसाचं दुखरं ठिकाण शोधत असत. कोणाची कोंबडी शेजाऱ्याकडे अंडं घालते, कोणाचा जावई पगार सांगत नाही, सगळं डोक्यात टिपून ठेवत. फ्लॅटवाल्यांसाठी मात्र एवढी मेहनत लागत नसे. तेव्हा नालासोपारा-विरारला इमारती भराभर उठत होत्या. कुठलाही फ्लॅटवाला असो, सिस्टर कानाशी विचारत, "तुमची बिल्डिंग अनधिकृत आहे ना?" एकदा एक बँकेतले साहेब, भूल अर्धीच उतरलेली, सलाइन लावलेला हात हलवत उठून बसायला लागले. "ओ.सी. आहे आमच्याकडे. पालिकेचा कागद दाखवतो." आम्ही दोघींनी धरून त्यांना परत झोपवलं. हॉस्पिटलात सगळे आमच्या सिस्टरांना भांडकुदळ सिस्टर म्हणत, आणि मला म्हणत 'नवी'. मी तिथे पुढे किती वर्षं काढली, पण नवीच राहिले.

ही भांडणं मी तुम्हाला बिनधास्त सांगते, कारण ती शुद्धीतली. पण गाढ झोप आणि भांडण यांच्यामध्ये एक छोटीशी फट असते, आणि त्या फटीत माणसं बोलतात. तुमच्याआमच्यासारखी, चारचौघांत जपून बोलणारी माणसं. काय बोलतात ते विचारू नका. मिठागरात काम करणारा एखादा गडी नुसतं "पानी दे गं" म्हणतो हे खरं, पण सगळे पाण्यावर थांबत नाहीत.

कोणी तसं बोलायला लागलं, की सिस्टर उठून पडदा ओढत, वॉर्डबॉयला म्हणत, "ब्लँकेट घेऊन ये रे." ब्लँकेट पायाशीच असे. तोही बिचारा कळून सवरून लांबच्या कपाटाकडे जाई. मग पूर्ण जाग आल्यावर पेशंट हमखास चाचरत विचारी, "सिस्टर, मी काही बोललो का हो?" त्यावर सिस्टरांचं उत्तर कायम एकच. "पाणी मागितलंत. दुसरं काही नाही." एकाच सुरात, एकाच चेहऱ्यानं. जो खरंच पाणी मागे त्यालाही हेच, आणि जो आयुष्यभराचं बोलून मोकळा होई त्यालाही हेच.

आता माझी पंचाईत बघा. मी मुळात बोलकी. घरी सासूबाई भाजी निवडत बसलेल्या, डोळे माझ्याकडे. "आज काय झालं गं तुमच्याकडे?" एवढं विचारलं की मी पर्स खाली ठेवायच्या आत सुरू होई, तीन माणसांचे आवाज काढून. आणि इथे रोज असा माल समोर येत होता की ऐकून सासूबाईंनी भाजी तशीच टाकली असती. सिस्टरांनी मला पहिल्या आठवड्यातच ओळखलं. "नवी, तुझं तोंड छान आहे. ते दाराबाहेर उघड. इथलं आत ठेवून."

चांदीपची एक तरुण सून आमच्याकडे होती. ती त्या फटीत काही बोलली. बाहेर तिची सासू उभी. मी फाइल घेऊन निघाले तशी तिनं मला गाठलं, डब्यातला तांदळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "भुलीत सगळं खरं बोलतात म्हणे. काय बोलली आमची?"

लाडू ताजा होता. मी तोंड उघडलं, ते लाडवासाठी की उत्तरासाठी हे आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "पाणी मागितलं, आजी."

"एवढा वेळ पाणीच?"

"काल रात्रीपासून उपाशी ठेवलंय तिला. तहान लागते."

आजी लाडवाकडे बघत राहिल्या. तो परत मागावा की नाही असा त्यांचा चेहरा झाला होता. सिस्टरांनी माझ्या हातावरचा अर्धा लाडू उचलून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "छान झालाय. सुनेलाही द्या, दोन दिवसांनी."

मला सिस्टरांबद्दल विलक्षण कुतूहल वाटायला लागलं ते तेव्हापासून. दुसऱ्यांची गुपितं इतकी जपणाऱ्या माणसाचं स्वतःचं काहीतरी असणारच, असा माझा हिशेब. भुईगावला भाऊ-भावजयीच्या घरात राहायच्या, लग्न केलेलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायच्या, राजेळी केळी वाळवून सुकेळी करायच्या आणि केळीच्या सुक्या पानात बांधून आम्हाला आणून द्यायच्या. कधी कोणावर चिडल्या नाहीत. सगळ्या जगाशी भांडण काढणाऱ्या बाईला स्वतःचं एकही भांडण नव्हतं. मी आडून विचारून बघितलं, सरळ विचारून बघितलं. एकदा तर सुकेळी खाताना म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला कोणी मागणी घातली नाही का हो?" त्या म्हणाल्या, "घातली ना. तू आत्ता आणखी एका सुकेळीची घातलीस." आणि पुडी पुढे केली.

मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. आमचेच सर्जन, रोज एकत्र काम करणारे. म्हणाले, काढून टाकू. सिस्टर म्हणाल्या, बघू. ते बघणं लांबतच गेलं. मध्येच कळ आली की त्या औषधांच्या ट्रॉलीला धरून उभ्या राहत, घाम पुसत आणि पुन्हा कोणाच्या तरी कानाशी वाकत. एक दिवस मी पाहिलं, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. सर्जन त्यांच्यावर ओरडले. खडा नळीत अडकलाय, आता ऑपरेशन केलं नाही तर जिवावर बेतेल, असं सगळ्यांसमोर म्हणाले. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि चादरीच्या घड्या घालायला लागल्या.

मी त्यांना पडद्याआड नेलं. "सिस्टर, तुम्ही हजारोंना धीर दिलात. तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटते?"

"ऑपरेशनची नाही, बाय." त्यांनी पडद्याची कड नीट ओढून घेतली. "इथे माणसं काय काय बोलतात ते तू ऐकतेस ना? मी एक गोष्ट आयुष्यभर पोटात ठेवलीय. खडे काढायला गेले आणि तीच बाहेर आली तर? माझं एकटीचं असतं तर चाललं असतं. त्यात दुसरं माणूस आहे, आणि ते इथेच राहतं."

"मग मुंबईत करा. तिथे कोण ओळखतंय?"

"मुंबईत वसईची नर्स नाही असं एक हॉस्पिटल दाखव मला."

ते खरंच होतं. मग त्याच म्हणाल्या, "तू एकटी जवळ असशील तर करते." आणि माझ्या तोंडाकडे, त्या माझ्या छान तोंडाकडे, अशा बघत राहिल्या की मला पहिल्यांदाच त्याची धास्ती वाटली.

ऑपरेशन ठरलं. मी रिकव्हरी रूममध्ये हुकूम चालवले. आयाला चादरी मोजायला पाठवलं, वॉर्डबॉयला ब्लँकेट आणायला पाठवलं. दाराशी भावजय थर्मास घेऊन उभी होती, तिला म्हटलं, अजून अवकाश आहे, बाकावर बसा. भूल देणारे डॉक्टर नळी काढून, श्वास बघून घुटमळत राहिले. इतकी वर्षं सगळ्यांना उठवणारी बाई कशी उठते, याची त्यांनाही उत्सुकता. मी म्हटलं, "डॉक्टर, पुढची केस वाट बघतेय." मग पडदा ओढला आणि मॉनिटरचा आवाज जरा वाढवला. सिस्टरांकडूनच शिकलेलं सगळं.

थोड्या वेळानं सिस्टर बोलायला लागल्या.

बोलल्या त्या त्यांच्या घरच्या बोलीत. इतक्या वर्षांत मला ती चांगली समजायला लागली होती. मी एका हातानं त्यांची नाडी धरली होती आणि ऐकत होते. नाडी त्यांची स्थिर होती, उड्या मारत होती ती माझी. इतकंच सांगते की... नाही, इतकंही सांगत नाही.

त्यांचं बोलणं थांबलं, पण जाग पूर्ण येईना. हाक मारली, खांद्याला हलवलं. पापण्या हलायच्या आणि मिटायच्या. भांडण काढायला हवं होतं, आणि त्यांचं भांडण तर मला कधी सापडलंच नव्हतं. मग मला ती पुडी आठवली. मी कानाशी वाकले. "सिस्टर, काल बाजारातून सुकेळी आणली. तुमच्यापेक्षा गोड आहे."

कपाळावर आठी पडली.

"आणि मऊ. तुमची जरा चिवट होते."

"साखर..." ओठ हलले. "साखर लावतात मेले. उन्हात... धीर नाही त्यांना. चिवट म्हणे."

मी लिहिलं, शुद्धीवर आल्या. अक्षरं मला नीट दिसत नव्हती.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडून आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नवी. मी काय बोलले?"

"पाणी मागितलंत. दुसरं काही नाही."

त्या माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिल्या. मी आयुष्यात इतका चांगला अभिनय केलेला नाही. शेवटी त्यांनी डोळे मिटले, आणि हसल्या. हसताना टाके दुखले असणार, कारण पोटावर हात ठेवला. म्हणाल्या, "खोटं छान बोलतेस. आता माझ्या सुकेळीबद्दल पण एक बोल."

"मऊ असते," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि मीही नाही. निवृत्त होऊन घरी बसल्या तरी दर मोसमात केळीच्या पानातली पुडी कोणाच्या तरी हाती यायची. एका वर्षी पुडी आली नाही, निरोप आला. भुईगावच्या चर्चमध्ये गर्दी होती. मागच्या बाकांवर कितीतरी म्हातारी माणसं बसलेली, त्यातले पुष्कळ आमच्या खोलीतून उठून घरी गेलेले. दफनानंतर त्यांची भाची माझ्याजवळ आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आँटी, ऑपरेशनच्या दिवशी तुम्हीच होतात ना जवळ? आत्या तेव्हा काही बोलल्या होत्या का? आता त्या नाहीत. आता सांगितलंत तर काय बिघडतंय?"

तिच्यामागे, फाटकापाशी, माणसं एकेक करून बाहेर पडत होती. मी तिकडे न बघता म्हटलं, "पाणी मागितलं."

"एवढंच?"

"तहान लागते गं."

परवा माझ्याच हर्नियाचं निदान झालं. सर्जन तरुण आणि गोड आहेत. म्हणाले, "अगदी छोटं ऑपरेशन आहे मॅडम, घाबरू नका." त्यांना काय सांगणार? माझं स्वतःचं काही तोंडातून सुटलं तर सुटू दे, मी ते बहुतेक आधीच सगळ्यांना सांगून बसलेली असणार. पण माझ्याकडे आणखी एकीचं आहे, आणि ते माझं नाही.

मी म्हटलं, "ऑपरेशनचं नंतर बघू, डॉक्टर. आधी सांगा, भूल उतरताना माझ्याजवळ कोण असणार?"