‘ठीक आहे’ म्हणणारी मुलगी

ज्या वर्षी आमच्या शाळेत मराठी आणि हिंदी माध्यमाचे वर्ग एकत्र केले, त्याच वर्षी ती परत आली. मी तिथे मुलींना खेळ शिकवत असे. ती निंबोला गावची, पंधरा वर्षांची. घरी केळीची बागायत. रक्ताच्या कॅन्सरवर इंदूरला बरेच महिने उपचार घेऊन आली होती. गोळ्या अजून चालूच होत्या. आजारापूर्वी माझ्या खो-खो संघात तिच्याएवढी चपळ कुणी नव्हती. आता डोक्याला रुमाल, गाल औषधांनी फुगलेले.

मी घाबरले. तिला कडुलिंबाच्या सावलीत गुण लिहायला बसवलं. आठ दिवस तिने लिहिले. नवव्या दिवशी वही माझ्या हातात देत म्हणाली, “मॅडम, हे काम तर कुणी पण करेल. मला पळायचंय.”

आई-वडिलांना विचारून मी तिच्या डॉक्टरांना फोन केला. खरं सांगायचं तर ते नाही म्हणतील आणि मी सुटेन, असं वाटत होतं. ते म्हणाले, “हालचाल तिला हवीच आहे, हळूहळू वाढवा. ताप असेल, रक्तातल्या पेशी कमी असतील, त्या दिवशी नाही. धाप लागली, चक्कर आली, छातीत दुखलं की लगेच थांबायचं. पण हे तिचं तिला ओळखता आलं पाहिजे. तुम्ही किती दिवस तिच्यामागे फिरणार?”

पहिल्या दिवशी मैदानाला तीन फेऱ्या, चालतच. दर फेरीला मी विचारायची, “कसं वाटतंय?” ती म्हणायची, “ठीक आहे.” तिसऱ्या फेरीत ती पांढरीफटक पडली आणि मटकन खाली बसली.

पाणी पाजल्यावर मी रागावले. “खोटं का बोललीस?”

ती बोटाने माती उकरू लागली. “दवाखान्यात मी ‘ठीक नाही’ म्हटलं की मम्मी बाहेर जाऊन रडायची. पप्पा शेत सोडून यायचे. मग आदतच पडली, मॅडम. आता मला पण कळत नाही, खरंच ठीक आहे का ते.”

 मी म्हणाले, “इथे तू नाही म्हणालीस तर कुणी रडणार नाही. मी फक्त म्हणेन, बरं, उद्या.”

मग रोज आमची सुरुवात शाळेच्या जिन्यापासून. आधी ताप मोजायचा, झोप कशी झाली ते सांगायचं, अंगावर नवे काळेनिळे डाग उठलेत का ते पाहायचं. मग जिना चढताना तिने सतराचा पाढा म्हणायचा. सलग म्हणता आला तर पुढे पळायचं. मध्येच दम लागला तर चालणंच बरं. पहिल्याच आठवड्यात ती ‘सतरा सक’वर अडकली आणि तरी म्हणाली, “ठीक आहे.” मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिलाच हसू आलं. “नाही, ठीक नाही. पाय थरथर करताहेत.”

“बरं, उद्या,” मी म्हणाले. मनातून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

दिवाळीनंतर ती थोडं थोडं पळू लागली. एकदा पाढा सलग म्हणूनही ती म्हणाली, “आज नको. आतून बरं नाही वाटत.” दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला, पेशी खरंच उतरल्या होत्या. मी तर नुसता पाढा ऐकला होता. तिने स्वतःचं अंग ऐकलं होतं. पेशी सावरेपर्यंत ती मैदानात आली नाही, आणि त्याबद्दल कुरकुरलीही नाही.

फेब्रुवारीत खंडव्याला सामने होते. डॉक्टरांनी होकार दिला. अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात ती बचावाला उतरली आणि समोरच्या मुलींना तिने तीन मिनिटं नुसतं नाचवलं. आमच्या मुली ओरडून ओरडून बेजार. दुसऱ्या डावाच्या आधी मला मोह झाला.

“परत उतर. फक्त दोन मिनिटं.”

“नाही, मॅडम.”

“अगं, जिंकतोय आपण!”

“माझे पाय जड झालेत. आज माझं एवढंच.”

क्षणभर मला तिचा रागच आला, हे कबूल करायला हवं. तिला हेच तर मी शिकवलं होतं, आणि ते नेमकं मलाच ऐकवत नव्हतं. मी तिच्या जागी हिंदी माध्यमाची नववीतली एक मुलगी उतरवली. नकार देणारी ही रेषेबाहेरून त्या मुलीला सांगत होती, “खंभे के पीछे! अब पलट!” त्या मुलीनेही तग धरला. आम्ही एका गुणाने जिंकलो.

परतताना गाडीत मुलींनी इतका धिंगाणा घातला की ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवली. निंबोल्याच्या फाट्यावर तिचे वडील मोटारसायकल घेऊन उभे होते. ती जिंकलेली ढाल डोक्यावर धरून उतरली. “पप्पा, जीत गए!”

 वडिलांनी मोटारसायकलचा हॉर्न जो दाबला, तो आमची गाडी सुटली तरी सोडला नाही.