यमुनावहिनींची घोडागाडी

यमुनावहिनींना गाडीचं लायसन्स तीन आठवडे उशिरा मिळालं, आणि त्याला कारणीभूत मी. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी स्वतःचं कौतुक करायला लागलोच, तर ते किती मनावर घ्यायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी नॉटिंगहॅममध्ये अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवलं. माणूस गिअर कसा टाकतो त्यावरून त्याचं घर कसं चालतं ते मला कळतं, असा माझा दावा आहे. माझ्या बायकोखेरीज तो कुणी खोडून काढलेला नाही. यमुनावहिनी म्हणजे माझा मित्र मोहन सबनीस याची बायको. मिरजेच्या हॉस्पिटलात त्या नर्सिंग शिकत होत्या, तिथे मोहनशी ओळख झाली, लग्न झालं आणि एकोणसत्तर साली दोघं इकडे आली. वहिनी इथल्या हॉस्पिटलात नर्स झाल्या आणि पंचवीस वर्षं बसने ड्यूटीवर गेल्या. मोहन कॉम्प्युटरवाला. पुढे त्याचं ऑफिस ब्रॅकनेलला हललं, तेव्हापासून तो सोमवारी पहाटे निघायचा आणि शुक्रवारी रात्री उगवायचा. गाडी अर्थातच त्याच्याबरोबर.

आमच्या इथल्या मराठी मंडळात वहिनींची ख्याती एकाच शब्दासाठी होती. "चालेल." गणपतीला शंभर मोदक कराल का? चालेल. पिकनिकची तारीख बदलली तर? चालेल. मंडळाच्या सेक्रेटरी सुप्रभाताई तर आधी त्यांचं नाव यादीत लिहायच्या आणि मग त्यांना फोन करायच्या. त्यांच्या माहेराबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं की वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते. मी मनाशी चार-सहा ट्रकांचा मालक उभा करून ठेवला होता.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला. "जयंतराव, मला गाडी शिकायचीय. डिसेंबरच्या आत टेस्ट झाली तर बरं." पन्नाशी उलटल्यावर! कशाला, असं मी विचारलं नाही. बसला कंटाळल्या असतील, असं धरून चाललो.

शिकायला त्या चांगल्या होत्या. घाई नाही, घाबरणं नाही. फक्त स्टिअरिंग धरायची पद्धत विचित्र. दोन्ही हात खाली, मांडीजवळ, बोटं सैल. मी दर धड्याला ओरडायचो, "वहिनी, हात वर! घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं!" त्या "हो हो" म्हणायच्या आणि पुढच्या चौकापर्यंत हात पुन्हा खाली. लेखी परीक्षा त्यांनी पहिल्या फटक्यात पास केली. गाडीच्या टेस्टची तारीख मिळाली एकोणीस डिसेंबर.

नोव्हेंबरच्या शेवटी माझ्या ध्यानात आलं की एकवीस डिसेंबरला वेम्बलीत माझ्या भाच्याचं, उदयचं लग्न आहे, आणि एकोणीसला त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हीथ्रोवरून आणायचं आहे. गाडी एकच. मी वहिनींना फोन केला. "टेस्ट जानेवारीत ढकलू या का? नऊ तारीख मिळतेय."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "चालेल."

मी लग्नाला गेलो, श्रीखंडावर ताव मारला, नाचलोसुद्धा.

नऊ जानेवारीला वहिनी पहिल्याच खेपेला पास झाल्या. परीक्षकाने हात मिळवला. पास झालेली माणसं माझ्या गाडीत हसतात, ओरडतात, एकाने तर माझ्या टकलाचा मुका घेतला होता. वहिनी शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि रडायला लागल्या.

"अहो, पास झालात तुम्ही!"

"झाले हो. पण आता काय उपयोग?"

त्या टेस्ट सेंटरच्या पार्किंगमध्ये मला जे कळलं, ते असं. वहिनी गेली सहा वर्षं शनिवारी गावाबाहेरच्या एका तबेल्यात जात होत्या. मंडळात सांगायच्या, शनिवारी ड्यूटी असते. तबेला होता मिसेस हॅलम नावाच्या बाईंचा. त्यांच्याकडे टॉफी नावाचा एक बुटका, पोक्त पोनी होता. मंगळवारी आणि गुरुवारी मिसेस हॅलम त्याला लँडरोव्हरच्या मागे ट्रेलरमध्ये घालून एका शाळेत न्यायच्या. ज्या मुलांना चालता येत नाही त्यांची शाळा. ती मुलं टॉफीच्या पाठीवर बसून मैदानाला फेरी मारायची. वहिनींनी हॉस्पिटलात हात-पाय जायबंदी झालेली मुलं जन्मभर पाहिलेली. टॉफीवर बसल्यावर त्यांची मान कशी वर येते, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला.

आता मिसेस हॅलमची हाडं कुरकुरायला लागली होती. त्यांनी सांगून टाकलं होतं, "ईस्टरपर्यंत मी रेटते. नंतर कुणी ट्रेलर चालवणारं मिळालं तर ठीक, नाहीतर टॉफी विकणार." वहिनींनी ते काम अंगावर घ्यायचं कबूल केलं होतं. त्यासाठी हॉस्पिटलातली ड्यूटीसुद्धा अर्धी करून घेतली होती.

आणि नियम असा होता. शहाण्णवच्या अखेरपर्यंत जो कारची टेस्ट पास होईल, त्याला मागे मोठा ट्रेलर जोडायची परवानगी त्याच लायसन्सवर आपोआप मिळत होती. एक जानेवारी सत्त्याण्णवपासून ती बंद. त्यानंतर पास होणाऱ्याला हलका ट्रेलर चालेल, पण घोडा मावेल एवढा जड ट्रेलर ओढायचा तर वेगळी परीक्षा. आमच्यासारख्या जुन्या लायसन्सवाल्यांचा हक्क मात्र तसाच राहणार, मग आम्ही उभ्या जन्मात साधी ढकलगाडी ओढलेली नसो.

हा नियम मला ठाऊक नव्हता असं समजू नका. सरकारी पत्रक आलं होतं. आसपासच्या शेतकऱ्यांच्या पोरांना मीच बजावलं होतं की डिसेंबरच्या आत उरका. पण पन्नाशीची, साडी नेसून लेसनला येणारी नर्स ट्रेलर कशाला ओढेल? ते माझ्या डोक्यातच आलं नाही. शरम वाटली. आणि शरम वाटली की मला राग येतो.

"मग बोलायचं ना फोनवर! एका शब्दाने सांगितलं असतं तर मी टॅक्सी केली असती!"

"तुमच्या भाच्याचं लग्न होतं. म्हटलं, चालेल."

"आणि घोडे, तबेला? आमच्यापासून लपवायचं काय त्यात?"

वहिनींनी डोळे पुसले. "माझे वडील मिरजेच्या स्टेशनवर टांगा हाकायचे, जयंतराव. ट्रान्सपोर्ट हा सासूबाईंचा शब्द. लग्नात त्यांनी तसं सांगितलं आणि मग आम्ही तोच धरून बसलो. घोड्यांचा विषय निघाला की पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला घोड्यांचं एवढं कसं कळतं? म्हणून विषयच नको."

मी स्टिअरिंगकडे पाहिलं. ते हात खाली, मांडीजवळ, बोटं सैल. तो लगाम होता, आणि मी सहा महिने घड्याळ शिकवत होतो.

ईस्टर होता तीस मार्चला. दहा जानेवारीलाच मी ट्रेलरच्या परीक्षेचा अर्ज भरून घेतला. तारीख मिळाली सत्तावीस मार्च, गुरुवार. म्हणजे एकच संधी. नापास झाल्या तर पुढची तारीख येईस्तोवर टॉफी विकला गेलेला.

शिकायचं मिसेस हॅलमच्या लँडरोव्हरवर, त्यांच्याच शेतात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर. गाडीला एल लावायचा आणि शेजारी जुना लायसन्सवाला हवा. शनिवार-रविवारी ती जागा मोहनची. मोहनला कागदावर सव्वाआठ टनांपर्यंत गाडी-ट्रेलर हाकायची मुभा होती. प्रत्यक्षात घराच्या फाटकातून कार मागे घेताना तो शेजाऱ्यांचा गुलाब दर वर्षी छाटायचा. त्यात त्याला घोड्यांची भीती. ट्रेलर रिकामा असला तरी तो आधी आत डोकावून खात्री करून घ्यायचा.

पुढे जाणं वहिनींना दोन दिवसांत जमलं. खरी परीक्षा मागे घेण्यात. ट्रेलर नागमोडी मागे नेऊन खांबांच्या मधल्या चौकटीत उभा करायचा असतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी म्हणालो, "आधी मी दाखवतो." अठ्ठावीस वर्षांचा मास्तर मी. लँडरोव्हरमध्ये बसलो, रिव्हर्स टाकला आणि जिकडे जायचं तिकडे स्टिअरिंग फिरवलं. ट्रेलर भलतीकडे निघाला. मी आणखी फिरवलं. तो अर्धा वळून माझ्याच खिडकीपाशी आला आणि चिखलात रुतला. मिसेस हॅलम कुंपणापलीकडून ओरडल्या. मोहन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

"उतरा," वहिनी म्हणाल्या. एवढं तोडून बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी गाडी सरळ करून घेतली. मग दोन्ही हात खाली नेले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. "घोड्याचं तोंड उजवीकडे, तर टांग्याची पाठ डावीकडे," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि ट्रेलर हळूहळू डावीकडे वळत मागे जाऊ लागला. मध्येच थांबल्या, थोडं पुढे घेतलं, पुन्हा मागे. स्टेशनच्या स्टँडवर टांगा पाठमोरा रांगेत लावावा लागायचा, आणि बाबा बारा वर्षांच्या मुलीला ते करायला देत, असं त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं. चहा ओतत होता मोहन. तो म्हणाला, "हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

पुढच्या रविवारी मोहन गाजरं घेऊन आला आणि लांब हात करून टॉफीला एक गाजर दिलं.

सत्तावीस मार्चला परीक्षा. परीक्षकाने त्यांना ट्रेलर सोडवायला आणि परत जोडायला लावला. ब्रेक, ट्रेलरचा टेकू, साखळी, दिव्यांची वायर. वहिनी ऑपरेशनची हत्यारं मोजावीत तसं एकेक हात लावून बघत होत्या. रस्त्यावरही ठीक गेलं असणार, कारण परत आल्या तेव्हा परीक्षकाचा चेहरा माणसासारखा होता. राहिलं मागे घेणं. मी कुंपणाशी उभा होतो, आणि खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या टेस्टला मी इतका घाबरलो नव्हतो. अर्ध्या वाटेत ट्रेलरचं चाक खांबाच्या वीतभर अंतरावर आलं. वहिनी थांबल्या. केवढा वेळ थांबल्या! मग थोडं पुढे, आणि तिथून एका दमात मागे, चौकटीच्या आत.

परीक्षक खाली उतरला. मी जवळ गेलो तेव्हा तो विचारत होता, "कुणी शिकवलं तुम्हाला हे?" मी छाती थोडी पुढे काढली. सवय.

"माय फादर," वहिनी म्हणाल्या. "ही वॉज इन ट्रान्सपोर्ट." आणि माझ्याकडे बघून जोरात हसल्या. नऊ जानेवारीचं राहिलेलं हसू बहुतेक त्या दिवशी बाहेर पडलं.

त्या वर्षी पाडवा मंगळवारी आला, आठ एप्रिलला. संध्याकाळी हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. आदल्या रविवारी सुप्रभाताईंच्या घरी तयारीसाठी आम्ही वीसेक जण जमलो होतो. सुप्रभाताई नेहमीप्रमाणे यादी वाचत होत्या. "पुरणपोळ्या, यमुना. मंगळवारी सकाळी दहाला हॉलवर ये, तिथलं किचन मिळालंय. चालेल ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढच्या नावावर बोट ठेवलं.

"नाही, चालणार नाही," वहिनी म्हणाल्या.

सुप्रभाताईंचं बोट तिथेच राहिलं. "काय गं? ड्यूटी आहे?"

"मंगळवारी ईस्टरची सुट्टी संपून शाळा उघडतेय. मुलं वाट बघत असतील. मंगळवारी माझी घोडागाडी असते. मी संध्याकाळी सातला येईन, जेवायला."

"घोडागाडी?" कुणीतरी हसलं. "वहिनी, तुम्ही आणि घोडागाडी? हे कुठून काढलंत?"

मी मोहनकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला असेल असं मला वाटलं होतं. पण तो बायकोकडे बघत होता, आणि बोलायला त्यानेही तोंड उघडलं होतं. वहिनींनी त्याला संधी दिली नाही.

"काढायचं कुठून? माझे वडील मिरजेला टांगा हाकायचे," त्या म्हणाल्या. "माहेरचाच धंदा आहे."