शुक्रींनी शिकवलेली रीत

रौधा गर्गूरीला भिडेनं बुडवलं, असं तिची आई अजून म्हणते. स्फाक्ससारख्या रोखठोक व्यापाऱ्यांच्या गावात जन्मून पोरगी इतकी भिडस्त कशी निघाली, हे तिला उमगत नाही.

रौधा दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. तिच्या थोरल्या भावाला, लुत्फीला, जन्मापासून दिसत नव्हतं. तो एका इस्पितळात टेलिफोनवर बसायचा. कॉम्प्युटर त्याला मजकूर वाचून दाखवी. तो प्रोग्राम फुकटातला, देशोदेशींच्या माणसांनी फावल्या वेळात मिळून घडवलेला, पण अरबीतलं दुहेरी अक्षर तो गिळून टाकी. 'दर्रस', म्हणजे शिकवलं, असं स्पष्ट लिहिलेलं असलं तरी तो 'दरस', म्हणजे शिकला, असंच वाचणार. लुत्फी वैतागून म्हणे, "हा मास्तरांनाच शाळेत बसवतोय!"

अख्खा हिवाळा खपून रौधानं ती चूक दुरुस्त केली आणि प्रोजेक्टकडे पाठवली. आलेली दुरुस्ती घ्यायची की नाही, हे हेल्वी नावाची बाई ठरवायची, तिकडे दूर फिनलंडमध्ये. तिचं काही उत्तर येईना.

रौधा शुक्री मस्मूदींकडे गेली. कोड लिहायला तिला त्यांनीच शिकवलेलं. दर शनिवारी त्यांच्या गच्चीवर चार टाळकी जमत, बदाम घातलेला चहा होई. बाप गेल्यापासून ती त्यांनाच त्या जागी मानायची, नावाआधी आदरानं 'सी' लावायची.

"सी शुक्री, त्यांना पुन्हा एकदा विचारून बघू का हो?"

"छे छे! पोरी, ती बाई काय पगार घेते? घर-नोकरी सांभाळून करते बिचारी. दार बडवणाऱ्याला कोणी पाणी विचारत नाही. गप थांब."

ती थांबली. वसंतात पुन्हा विषय काढला, तर ते म्हणाले, "घाई करशील तर नाव खराब होईल. आण, मला दाखव, काही राहिलं असेल तर सांगतो." तिनं सगळं उघडून दाखवलं, ओळ न् ओळ समजावली.

उन्हाळ्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. लुत्फी भिंतीला चाचपडत स्वयंपाकघरात आला, "रौधा, अगं 'शिकवलं' म्हणतोय! बरोबर 'शिकवलं'!" दोघं हसली, आईनं दुवा दिली. मग रौधानं नव्या आवृत्तीची बातमी उघडली. 'अरबीची दुरुस्ती: शुक्री मस्मूदी, स्फाक्स.' काम तिचंच होतं. घाईत तिनं चुकीचं लिहिलेलं एका शब्दाचं स्पेलिंगसुद्धा जसंच्या तसं.

ती तशीच गच्चीवर गेली.

"ये ये, फ्रिकासे खा, आत्ताच तळलेत. गरम आहेत."

"सी शुक्री, हे काय केलंत?"

"अगं, तुझं पडून होतं. मी नव्यानं पाठवलं, दर आठवड्याला विचारत राहिलो, तेव्हा कुठे झालं. या कामात तुझं-माझं नसतं, पोरी. लुत्फीला नीट ऐकू येतंय ना?"

"दर आठवड्याला? आणि मला म्हणालात, विचारू नकोस!"

शुक्री शांतपणे म्हणाले, "तू थांबलीस, त्याला मी काय करू?"

तिनं हेल्वीला चार ओळी लिहिल्या. शिव्याशाप नाहीत, मी आधी पाठवलेलं हे, नंतर आलेलं ते, कृपया पाहावं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: 'माफ करा. मी आजारी होते, तुमचं ढिगाखाली गेलं. पंधरा दिवसांनी एक ओळ टाकायची होतीत, मला मुळीच राग आला नसता.'

रौधा त्या ओळीपाशी रडली. तोवर डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

दुरुस्तीच्या नोंदीत तिचं नाव वर चढलं, शुक्रींचं खाली राहिलं. आता कुठेही काम पाठवलं की पंधरा दिवसांनी ती स्वतःच नम्रपणे विचारते, कुणाचा सल्ला घेत नाही. शनिवार सुटले. लग्नाकार्यात शुक्री दिसले तर सलाम करते, तब्येत विचारते. पण हातातलं अर्धं काम ती कुणालाच दाखवत नाही, लुत्फीलासुद्धा नाही.