मशीनवरचा दिवा

आळीत त्यांना सगळे अंधारराव म्हणत. हे नाव कोणी ठेवलं कुणास ठाऊक, पण ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो. उभा जन्म एका गोदामाच्या पहाऱ्यात गेलेला. संध्याकाळी एकेक दिवा मालवत बाहेर यायची तिथली सवय निवृत्तीनंतर त्यांच्यासोबत घरी आली. माणूस खोलीबाहेर पडतो न पडतो तोच मागे बटण बंद. बायको आत असताना त्यांनी न्हाणीघराचा दिवासुद्धा घालवला होता, आणि तिने आतून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायको शिलाईवाली काकू. कपडे शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा तिने स्वतःच्या कमाईतून मशीनला मोटर बसवून घेतली आणि काम पुन्हा रुळावर आणलं.

पण घरात वेगळीच पंचाईत सुरू झाली होती. अंधाररावांनी जितकी काटकसर करावी तितकं विजेचं बिल वाढत होतं. त्यांनी दिवे बदलले, गिझरला रजा दिली, इस्त्रीवर निर्बंध आणले. सगळ्यात आधी तर फ्रिजचा गारवा मागच्या बाजूने निसटतो, अशी शंका स्वतःच काढून शिलाईतल्या चिंध्यांच्या पिशव्या फ्रिजमागे गच्च कोंबल्या आणि वरून काकूकडून जाड खोळही शिवून घेतली. काकू खूश, कारण चिंध्यांना एकदाची जागा मिळाली. बिलाला मात्र कशाचंच सोयरसुतक नव्हतं.

शेवटी खापर मोटरवर फुटलं. बंद करण्यासारखं घरात दुसरं उरलंच काय होतं? अंधाररावांनी चाचरत विषय काढला, काही दिवस पायाने चालवून बघ म्हणाले, आणि मोटरचा पट्टा काढून ठेवला. काकूने वाद घातला नाही. मोटरच वीज खाते असं आता तिलाही वाटू लागलं होतं.

नेमका त्याच सुमारास शाळेच्या गणवेशांचा मोठा गठ्ठा येऊन पडला. काकू पायडल मारत राहिली आणि गुडघे सुजत गेले. एके दिवशी दुपारी खुर्चीतून उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला, तेव्हा तिने मनाशी ठरवलं, गठ्ठा परत पाठवायचा आणि शिवणं बंद करायचं. ठरवलं खरं, पण आपल्यालाच घडी घालून कपाटात ठेवल्यासारखं तिला वाटलं.

अंधारराव बाहेर गेले होते. ती कापलेले शर्ट गोळा करत बसली. घर शांत होतं, आणि त्या शांततेत तिला फ्रिजची घरघर ऐकू आली. एरवी मशीनच्या आवाजात ती कुठे कळायची? तिने अर्धे शर्ट रचले, घरघर चालूच. सगळे रचून गाठ मारली, तरी चालूच. हा थांबतो तरी कधी, असं म्हणत ती उठली आणि खोळ वर करून मागे हात घातला.

पिशवी गरम होती. नुकती इस्त्री फिरवलेलं कापड लागतं तशी. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकू बघत होता आणि ह्या दोघांनी त्याला तिथेच पांघरूण घातलं होतं. घोडं इथे पेंड खात होतं तर! तिने एकेक पिशवी ओढून काढली, खोळ भिरकावली आणि जमिनीवरच बसून राहिली. बऱ्याच वेळाने फ्रिजने एक हिसका दिला आणि तो गप्प झाला. काकूचा जीव भांड्यात पडला. मोटर निर्दोष होती. तिला हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं.

अंधारराव परतले ते दारातच थबकले. खोलीभर चिंध्यांच्या पिशव्या पसरलेल्या. काकूने त्यांचा हात धरून एका पिशवीवर ठेवला. ती अजून कोमट होती. मग काय झालं ते सांगितलं.

ते खाली बसले. तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे इतके दिवस मीच..."

"खोळ मी शिवली होती," काकू म्हणाली. "नीट मापात बसवून."

तेव्हा कुठे त्यांना थोडं हसू आलं. ते उठले, मोटरचा पट्टा शोधून आणला आणि मशीनपाशी वाकून तो चढवू लागले. त्यांनी तिला हात लावू दिला नाही. तोवर बाहेर अंधारून आलं होतं आणि काकूने खोलीतला दिवा लावला होता. पट्टा बसल्यावर त्यांचा हात बटणांकडे गेला. काकूने सवयीने तोंड उघडलं, अहो, मी आहे अजून इथे, असं म्हणायला.

मशीनवरचा दिवा लागला. अंधाररावांनी गठ्ठ्याची गाठ सोडली आणि वरचा शर्ट तिच्या हातात दिला.