भेंडीवर बेतलेली पेटी

सुक्या बोंबलांच्या जुड्या बांधत होते, तेव्हा बोईसरहून फोन आला. भास्करदादा गेले... सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तिथेच खाली बसले, ते उठलेच नाहीत. महिना होऊन गेला. चारचौघांत मला दोन शब्द नीट बोलता येत नाहीत, म्हणून हे लिहून ठेवते.

दादा जळगावकडचे. बोईसरला त्यांचं ग्रिल-गेट बनवायचं छोटं दुकान. गळ्यात तुळशीची माळ, मासा कधी तोंडाला लावला नाही. माझ्या जावेच्या, पारूच्या खिडकीला ग्रिल बसवायला ते आमच्या मुरब्याला आले, तेव्हा नुकताच अवकाळी पाऊस होऊन गेला होता. वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर, टांगलेले बोंबील कुजले होते आणि आम्ही बायका ते पाट्या भरून खड्ड्यात ओतत होतो. दादा नाकाला रुमाल लावून बघत उभे राहिले. "वरून झाकलं आणि आत गरम हवा फिरवली तर?" पारू म्हणाली, "दादा, आदी नाकावरचा रुमाल काडा, मंग हवा फिरवा!" त्यावर तेच सगळ्यांत मोठ्याने हसले.

कल्पना बोलून सोडून देणारा माणूस नव्हता तो. रविवारी पुन्हा आले, अंगणात खडूने पेटी काढली, तिच्याभोवती आम्हाला उभं करून कोणाचा हात कुठवर पोचतो ते पाहिलं. वर पारदर्शक पत्रा, कडेला सोलरवर चालणारा पंखा, आत जाळीचे ट्रे. लोखंड आणि वेल्डिंग त्यांचं. जागा आणि अंगमेहनत आमची. ते असले की आम्ही मासळी समोर येऊ देत नव्हतो. त्यांच्यासाठी वेगळ्या टोपात वरणभात. माळकरी माणूस, त्याला कशाला हात लावायला लावायचा... त्यामुळे पेटी चालते का, हे त्यांनी भेंडी वाळवून पाहिलं. भेंडी छान वाळली.

बोंबील मात्र पहिल्याच दिवशी पाणी सुटून जाळीला चिकटले, काढताना तुटले. "आता भेंडीच सुकवा बायांनो," पारू पुटपुटली, "आपली वलांडीच बरी." एकेक जण उठायला लागली. दादा पेटीपुढे उकिडवे बसले होते. "माझं कुठे चुकलं, ते तरी सांगा." पुढच्या अवकाळीत पुन्हा खड्डाच भरायचा, हे मला दिसत होतं. मग पाटीतले दोन ताजे बोंबील उचलले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि ती जोडी दोरीवर टाकली. "दादा, हा... झोपून नाय सुकत. लटकून सुकतो."

दादांनी रुमाल खिशात कोंबून हात पुढे केला. "मला दाखव, हिरा." बोंबील त्यांच्या बोटांतून सारखा निसटायचा. शेवटी अडकला, तशी पारू ओरडली, "गेलं! दादा बाटले!"

"अंघोळ करीन गं. आधी सळ्यांचं माप घेऊ दे."

ट्रे गेले, सळ्या आल्या, पेटी उंच झाली. त्यानंतरच्या अवकाळीत आम्ही ओटीवर बसून चहा प्यालो आणि पेटीतला पंखा फिरताना बघत राहिलो.

परवा पारूबरोबर वहिनींना भेटायला गेले. त्यांच्या घरी हातात काय न्यावं कळेना, शेवटी नारळ नेला. वहिनींनी दुकान उघडून टेबलावरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे तारेचे दोन लांबट, वाकडे आकार एकमेकांत अडकून लटकत होते. "ही कसली कडी गं? कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

पारू माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं... हे बोंबील, हा जबडा, ही शेपटी. मग भेंडीचं सांगितलं, अंघोळीचं सांगितलं, कधी नव्हे ते बोलतच राहिले. वहिनींनी ती जोडी खिळ्यावरून काढली, पदराने पुसली, नाकाशी नेली. डोळे भरले होते तरी हसल्या.

"वास नाही येत. घरी नेते."