बत्तीस आत, एकतीस बाहेर

जंगलाच्या फाटकावर आमच्या बचत गटाच्या बाया आळीपाळीनं बसतात. आत किती गेले, बाहेर किती आले, ते वहीत लिहायचं. ठरल्यापेक्षा जास्त माणूस आत सोडायचं नाही, अन् दिवस मावळायच्या आत एकही मागं राहू द्यायचं नाही. वही खरं तर माझी सून सांभाळते. त्या दिवशी तिनं आंजीकडच्या शाळेच्या बत्तीस पोरी आत लिहिल्या आणि तिच्या आईला पाहायला सावंगीच्या दवाखान्यात निघाली. "आई, बाहेर येतीन तवा मोजून घेजा." मी म्हटलं, "जाय बाई, मोजाले का अक्कल लागते!"

पोरी त्यांच्या सरांसोबत तळ्याच्या पायवाटेनं परतल्या, फाटकातून एकेक करत बसमध्ये चढल्या, बस गेली. मी लिहिलं, एकतीस. वरचा आकडा बत्तीस. वही घेऊन मी धावलेच!

वनरक्षक चहा पीत होते. "भाऊ, एक पोरगी आतच राह्यली!"

"सरनं मोजल्याच असतीन ना, मावशी."

"अन् नसतीन मोजल्या त?"

त्यांनी सरांना फोन लावला. लागेना, त्या रस्त्यावर रेंजच नाही. सूर्य सागाच्या शेंड्यांवर आलेला. आदल्याच दिवशी तळ्याकाठच्या चिखलात वाघाची पावलं दिसली होती, आणि माझ्या डोळ्यांपुढून बुटाची नाडी बांधायला खाली बसलेली एक पोरगी हलेचना. भाऊंनी काठी उचलली, मग थांबले.

"मोजल्या कशा तुमी? ह्या खुर्च्या मोजा बरं."

मी बोट दाखवत मोजल्या. "लाभ, एक, दोन, तीन, चार."

"खुर्च्या पाच हायेत, मावशी."

आमच्या बाबांची सवय! धान्य मोजताना पहिली पायली ते 'लाभ' म्हणून मजुराच्या पदरात टाकत, ती मोजणीत धरतच नसत. पुढची ती 'एक'.

भाऊ हसून हसून खाली बसले. "पयली पोरगी जंगलाले दान देल्ली का?"

मला हसू येईना. पोरी मोजताना लाभ म्हटलं होतं की नाही, देवाशप्पथ आठवेना. "हासा मागून," म्हटलं, "आधी पाहून या." फोन माझ्याजवळ ठेवून ते पायवाटेनं गेले.

अंधारायला लागलं तेव्हा सरांचा फोन आला. "काऊन फोन केलता? साऱ्या हायेत ना."

"सर, अजून एकडाव मोजता का? मोठ्यानं. एकपासून."

सर वैतागले, पण मोजू लागले. मागं पोरींचा नुसता कालवा. बत्तीस ऐकलं, तेव्हा कुठे मी पायवाटेकडे तोंड करून भाऊंना हाका मारल्या.