डावा गुडघा

पुण्याच्या कॉलेजात गेलो तेव्हा वसतिगृहाच्या तिसऱ्या ब्लॉकात खोली मिळाली, आणि वर्षभरात मी माझ्या गावचा, निघोज्याचा उरलोच नाही, तिसऱ्या ब्लॉकाचा झालो. हसू नका. मेसमध्ये आमचं टेबल वेगळं, आरोळी वेगळी, दुसऱ्या ब्लॉकातल्या पोराशी फार बोललं की आमचीच पोरं नाकं मुरडायची. कॉलेज गेलं खड्ड्यात, ब्लॉक आधी. सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एका खोलीत बसायचं आणि समोरच्या संघाचं जे ठाऊक असेल ते सांगून टाकायचं, असा रिवाज होता. लपवील तो फितूर.

त्या चैत्रात आमच्या गावच्या जत्रेत हुतूतूचे सामने होते. फुशारकी मारत मी ब्लॉकाचा संघ तिकडे न्यायचं ठरवलं. समोर गावचा संघ, आणि त्यात माझा थोरला भाऊ. मी शिकावं म्हणून त्याने शाळा सोडून शेत धरलं होतं. चढाईला आला की त्याला धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

बैठकीत पोरांनी विचारलं, "तुझ्या भावाचं काय?" मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत येऊन बसलो, पुन्हा उठलो. बैलाने लाथ मारल्यापासून दादाचा डावा गुडघा कच्चा होता, आणि हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. माझी जीभ झडायला हवी होती. मी सांगितलं.

जत्रेत मी राखीव होतो. रेघेबाहेर नुसत्या येरझाऱ्या घालत होतो, एका जागी उभं राहवेना. दादा दम धरून आमच्या अंगणात शिरला. आमच्या दोघांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, थेट डाव्या गुडघ्याला मिठी मारली. दादा पडला तो लवकर उठला नाही. आमच्या पोरांनी ब्लॉकाची आरोळी ठोकली, आणि सांगायला लाज वाटते, मीही ठोकली.

संध्याकाळी आई त्याच्या गुडघ्याला आंबेहळदीचा लेप लावत होती. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "पडल्याचं काय न्हाई रं. पर त्यांनी डावाच गुडघा कसा धरला?"

"पोरं हुशार आहेत," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "शिकलेली हायेत."

दादा पुन्हा कधी चढाईला गेला नाही. मला मात्र ब्लॉकाने त्या वर्षी कप्तान केलं.